पाववाल्याचा वर्ग

६ ऑक्टोबर, गुरुवार

यंदाच्या बाप्तिस्म्याच्या वर्गाला पाच जण आले आहेत. एक पार्लरवाली, एक प्लंबर, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक जोडपं, ज्यांना लग्नाआधी हे 'उरकून घ्यायचं' आहे. उरकून हा शब्द त्या मुलाचा. मी त्याला म्हटलं, दाढ काढायची असेल तर दवाखाना समोर आहे. फादर हसले. मी विनोद केला नव्हता.

चर्चच्या मागची खोली तशीच आहे. पंखा कुरकुरतो, फळ्यामागे ओल आलीय, खुर्च्या बालवर्गाच्या. मोठी माणसं त्यांत बसली की गुडघे हनुवटीला लागतात, पण फादरांना दर वर्षी सांगून आता माझंच तोंड दुखतं. बुधवारी संध्याकाळी शिकवणी. रविवारी मिस्सेत प्रवचन संपलं की मी दीक्षार्थींना घेऊन बाहेर पडते, कारण बाप्तिस्मा झाल्याशिवाय त्यांनी पुढच्या भागाला थांबायचं नसतं. सगळ्या चर्चच्या देखत, मधल्या वाटेने, मी पुढे आणि ते मागे. शाळेत पर्यवेक्षिका होते तेव्हा पोरांच्या रांगा पुष्कळ नेल्या, पण या रांगेचा मला जास्त अभिमान वाटतो. अभिमान बाळगू नये, हेही मीच शिकवते.

एवढ्या परक्यांना आत आणलं, घरातला एक राहिला. हे आमच्यातले नाहीत. लग्नाच्या वेळी बिशपांची खास परवानगी काढावी लागली होती, तेव्हा हे म्हणाले होते, "बघू पुढे." ते पुढे अजून यायचंय. मुलगी लहान होती तोवर मी सारखी विचारायचे, नंतर वर्षाकाठी एकदा, मग विचारणंच सोडून दिलं. आता फक्त प्रार्थनेत मागते, तेही न चुकता. देवाकडे दुसरं काही मागावंसं वाटत नाही.

हे संध्याकाळी पाय मोकळे करायला गेले आहेत. निवृत्त झाल्यापासून लिफ्टच्या दुरुस्त्या सुटल्या, आता पायांना काम हवं म्हणतात.

१० नोव्हेंबर, गुरुवार

हे फिरून येताना पाव घेऊन आले. घरात कालचाच पाव पडलाय, हे डब्याचं झाकण उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. "गरम होता म्हणून आणला," म्हणाले. आपल्या गल्लीतल्या दुकानात गरम पाव कधी मिळाला आहे? हे फिरायला जातात तरी कुठवर, देव जाणे.

जेवताना अचानक विचारलं, "पेत्राने येशूची ओळखसुद्धा नाकारली, तरी त्याला कसं काय चालवून घेतलं?"

मी म्हटलं, चालवून घेतलं नाही, क्षमा केली. चालवून घेणं आणि क्षमा करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग तो फरक नीट समजावून सांगितला, पश्चात्ताप म्हणजे काय, नुसतं वाईट वाटणं म्हणजे काय, सगळं. भाजी निवून गेली. सगळं झाल्यावर हे म्हणाले, "बरं." म्हणजे यांना मुळात ऐकायचंच नव्हतं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते. माझा सगळा उत्साह मावळला.

हल्ली ताटावर बसले की मान खाली घालून क्षणभर थांबतात. मी विचारलं, आमटीत काही पडलंय का? म्हणाले, नाही, गरम आहे.

१५ जानेवारी, रविवार

पार्लरवाली आज रडली. तीच प्रार्थना, तिसऱ्यांदा, आणि पुन्हा मधली ओळ गाळली. मी एवढंच म्हटलं की रडून पाठ होत नाही. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं तरी ती पुसेना. प्लंबर तिच्या बाजूने बोलायला गेला, देव म्हणजे मेन व्हॉल्व्ह आहे, एक ओळ इकडेतिकडे झाली म्हणून तो काही बंद होत नाही. मी म्हटलं, देव व्हॉल्व्ह नाही.

मिस्सेनंतर फादर म्हणाले, "बाई, जरा सैल सोडा." फादरांचं वय माझ्या मुलीएवढं. सैल सोडायला ही काय पायजम्याची नाडी आहे? ही माणसं उद्या सगळ्यांसमोर उभी राहून आपली श्रद्धा सांगणार. ती अडखळली तर हसं त्यांचं होईल, आणि ते मला बघवणार नाही.

कालच्या सगळ्या वर्गप्रमुखांच्या बैठकीचं लिहायचं राहिलं. नदीपलीकडच्या चर्चच्या धर्मग्रामात वर्ग एक पाववाला घेतो. खराखुरा, भट्टीवाला, बाहीला पीठ लागलेला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याबद्दल बोलताना म्हणाला, "एका घरात तिघं असतात तसं." मी तिथल्या तिथे सांगितलं की तिघं वेगळे आणि घर एक, असं ते नाही. तो हसून म्हणाला, "बाई, मला तेवढंच कळतं. पुढचं आमचे म्हातारे फादर सांगतात." आणि पिशवी उघडून सगळ्यांना पाव वाटत सुटला. वर्ग म्हणजे काय पंगत आहे? निघताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही सांगायचंय. मी दाद दिली नाही.

मुलीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाली, "आई, बाबांना जरा बोलू देत जा." मी काय यांच्या तोंडाला कुलूप लावलंय? हे स्वतःच्याच स्वभावाने मुके. फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. मी विचारलं, काय हवंय. म्हणाले, काही नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या कॅथीड्रल. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी सगळ्या धर्मग्रामांतले दीक्षार्थी बिशपांसमोर जमतात. प्रत्येक वर्गप्रमुख पुढे जाऊन आपल्या माणसांची नावं मोठ्याने पुकारतो. नाव घेतलं की त्या माणसाने उभं राहायचं, त्याच्यासाठी साक्षीला उभ्या राहणाऱ्या धर्मपित्याने किंवा धर्ममातेने त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. मग बिशप प्रमुखाला विचारतात, ही माणसं तयार आहेत का. मी आजवर 'आहेत' म्हटलं आहे आणि ते कधी खोटं ठरलेलं नाही. पार्लरवाली मध्यंतरी येईनाशी झाली होती, तिला फादरांनी घरी जाऊन समजावून परत आणलं. तिला मी सोमवारपासून रोज बोलावून घेतलं. आता झोपेतून उठवलं तरी म्हणेल.

हे संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. म्हणाले, "उद्या मीही येणार आहे तिकडे. तुला एक सांगायचं होतं..."

गाडीत जागा नव्हती. पाच ते, पाच त्यांचे धर्मपिते-धर्ममाता, शिवाय मी. मी म्हटलं, तुमचं तिथे काय काम, उगाच दिवसभर ताटकळाल. आणि पोस्टमास्तरांना उलट्या होतात म्हणून त्यांना पुढे बसवायचंय, ते मी ड्रायव्हरला सांगायला गेले. परत आले तेव्हा हे पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. कुणाच्या लग्नाबिग्नाला जायचं असेल.

२६ फेब्रुवारी, रविवार

आमचे पाच जण झाले. नावं मी न बघता पुकारली. आवाज चढा लागला होता, घुमटापर्यंत गेला. बिशपांनी विचारलं, मी 'आहेत' म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. मग नदीपलीकडच्या धर्मग्रामाची पाळी आली. पाववाला पुढे गेला. आज बाही स्वच्छ होती. त्याने दोन नावं अडखळत घेतली. तिसरं नाव माझ्या नवऱ्याचं घेतलं.

पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. घराच्या दारावरच्या पाटीवर आहे तेच.

मला वाटलं, सारख्या नावाचं कुणीतरी असेल. मग डाव्या बाजूला, खांबापलीकडे, पांढरा शर्ट उभा राहिला. पाववाला नावं संपवून जवळजवळ धावतच मागे गेला आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे धर्मपिताही तोच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत बक्षीस मिळालेलं पोर आईला शोधतं तसं पाहिलं. मी बिशपांकडे बघत राहिले.

शेजारी बसलेल्या फादरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांना माहीत होतं. मुलीला माहीत होतं, हे आता कळतंय. त्या पोस्टमास्तरांनासुद्धा माहीत होतं की काय, त्यांनी माझ्यापुढे खोकल्याची गोळी धरली. इतकी वर्षं ज्यासाठी गुडघे टेकले ते समोर घडत होतं आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. भर चर्चमध्ये सगळ्यांना कळलं, की वर्गप्रमुखबाईंचा नवरा बाईंच्या वर्गात बसायला तयार नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी विचारलं. मला का नाही सांगितलं?

"सांगत होतो," हे म्हणाले.

मग माझ्या वर्गात का नाही? मी घरात, चर्च दोन गल्ल्यांवर, आणि हे नदी ओलांडून त्या पिठाळलेल्या माणसाकडे जातात. सगळे गुरुवार तिकडेच काढले आहेत. मी फिरणं समजत होते. ह्यांनी कपातला चहा संपवला, कप विसळला, पालथा घातला.

"तिथे चुकलं तरी चालतं," म्हणाले.

"देवाच्या बाबतीत चुकून कसं चालेल?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किंचित हसले. "हे बघ, हेच."

हेच म्हणजे काय, ते मी विचारलं. दोनदा विचारलं. हे बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र घेऊन बसले, आणि ते कालचं होतं.

२ मार्च, गुरुवार

आज फादरांकडे गेले. नियम मला पाठ आहे. प्रौढ माणसाचा बाप्तिस्मा त्याच्या स्वतःच्या धर्मग्रामात व्हावा. आमचा पत्ता या धर्मग्रामात आहे, माझी नावनोंदणी या धर्मग्रामात आहे. हे मी शांतपणे सांगितलं.

फादर पेपरवेट फिरवत राहिले. म्हणाले, "बाई, योग्य कारण असेल तर अपवाद करता येतो." मी म्हटलं, मग कारण सांगा. कागदावर काय लिहाल? बायको? ते म्हणाले, आनंदाची गोष्ट आहे, तुम्ही आनंद करा ना. मी आनंदीच आहे, म्हणूनच तर आले होते. इतकी वर्षं मी या माणसासाठी मागितलं, आणि तो दिवस मी दुसऱ्यांच्या चर्चमध्ये पाहुणीसारखी मागच्या बाकावर बसून बघायचा? शिवाय बाप्तिस्मे सगळीकडे ईस्टरच्या आदल्या संध्याकाळीच, आणि इथे माझे पाच जण आहेत, त्यांना सोडून मी कशी जाणार? म्हणजे मला बघायलाही मिळणार नाही.

हे शेवटचं बोलताना माझा आवाज फुटला. फादरांनी पेपरवेट खाली ठेवला आणि म्हाताऱ्या फादरांना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही. आमचे फादर नुसतं "हो, हो फादर, माझ्याही लक्षात येतंय" म्हणत होते. ठरलं. पुढच्या बुधवारपासून हे आमच्याकडे. धर्मपिता पाववालाच राहील, एवढी सूट मी दिली.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे बूट घालत होते, गुरुवार होता ना. बूट काढून कपाटात ठेवले. "बरं," म्हणाले.

१२ मार्च, रविवार

आज प्रवचन संपल्यावर दीक्षार्थींना घेऊन निघाले आणि हे माझ्या मागे होते. मी वळून पाहिलं नाही, पण पावलं ओळखू आली. अख्खं चर्च बघत होतं. बघू दे. देवा, मला आज इतकं सुख झालं की खोलीत पोचल्यावर क्षणभर खडू कुठे ठेवलाय तेच सुचेना.

शिकवणीत मात्र ह्यांचं काही खरं नाही. बुधवारी साधा प्रश्न विचारला, सात संस्कार कोणते. तीन सांगितले आणि थांबले. आज पेत्राबद्दल विचारलं, माहीत नाही म्हणाले. नोव्हेंबरात मी घरी इतकं समजावलं होतं! पार्लरवाली मागून उत्तर पुटपुटत होती, तिला मी नको म्हटलं, ज्याचं त्याने सांगावं. पाववाल्याने इतक्या दिवसांत काही म्हणजे काही शिकवलेलं नाही, हे आता उघडच झालं. मी घरी रोज संध्याकाळी वेगळा वेळ काढायचं ठरवलंय. वेळ थोडा आहे, पण माणूस हुशार आहे, कुठलीही बिघडलेली लिफ्ट आवाजावरून ओळखायचे.

ह्यांना ती लहान खुर्ची फार त्रास देते. वाकून बसतात आणि बुटांकडे बघत राहतात.

२२ मार्च, बुधवार

सातही संस्कार आले. विश्वासप्रकटन पूर्ण आलं, एकही शब्द न अडखळता. वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी वाजवायची गरज नाही अशी खूण केली. मला वाटतं, मी आयुष्यात घेतलेला हा सर्वांत चांगला वर्ग आहे.

ताटावर थांबणं बंद झालंय. बरं झालं, आमटी निवत असे.

३१ मार्च, शुक्रवार

शेवटच्या आठवड्याआधी फादर प्रत्येक दीक्षार्थीला एकट्याला बोलावून विचारतात, हे तुम्ही स्वतःच्या इच्छेने घेताय ना. दोन मिनिटांचं काम. आजवर माझ्या एकाही माणसाला तिथे अडचण आलेली नाही.

हे पंधरा मिनिटं आत होते. बाहेर आले ते सरळ फाटकातून निघून गेले. फादरांनी मला आत बोलावून दार लावलं आणि सांगितलं की ह्यांनी नाव मागे घेतलंय.

मी घरी कशी आले ते कळलं नाही. हे गच्चीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. मी म्हटलं, सगळं येत होतं की तुम्हाला.

"येत होतं," म्हणाले. "फादरांनी विचारलं, स्वतःच्या इच्छेने घेताय का. खोटं कसं बोलू?"

मी तिथेच कपड्यांच्या ढिगाशेजारी बसले. म्हटलं, जा मग त्या पाववाल्याकडे. मी स्वतः फादरांना सांगते, म्हाताऱ्या फादरांना फोन करते, अपवाद करता येतो, तशी तरतूद आहे. तिकडे घ्या. मी येणारसुद्धा नाही तिकडे. हे मी मनापासून म्हणत होते.

"आता तिकडे गेलो तरी तू पाठवलेलाच असणार मी," हे म्हणाले. उशीच्या अभ्र्याची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली. "तुझं काही चुकलेलं नाही. तुझं कधी चुकत नाही."

त्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी तो शोधला. नव्हता.

८ एप्रिल, शनिवार

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळची मिस्सा. चर्चसमोर शेकोटी रचून झाली होती, पाचही जण पांढऱ्या कपड्यांत येऊन थांबले होते, मी त्यांच्या मेणबत्त्या वाटत होते. फाटकातून पाववाला आला. हातात पिशवी. मला वाटलं, आजही पाव.

पिशवीत मेणबत्ती होती, आणि इस्त्री केलेला पांढरा सदरा. स्वतःच्या चर्चमधली मिस्सा आणि स्वतःचे दोन दीक्षार्थी म्हाताऱ्या फादरांवर सोपवून तो धर्मपिता म्हणून उभा राहायला आला होता. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. फादरांना वाटलं मी कळवलं, मला वाटलं ह्यांनी.

मी सांगितलं की ते येणार नाहीत, नाव काढून घेतलंय.

तो पिशवी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. का, असं त्याने विचारलं नाही. मग म्हणाला की पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला विचारतो, तुम्ही का आलात. आमच्या यांनाही विचारलं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझी बायको स्वर्गात जाणार हे नक्की. पण तिथे सगळंच बिनचूक. कुणाला काही शिकवायला नको, काही सुधारायला नको. तिला करमायचं कसं? मी असलो म्हणजे तिला जरा काम राहील." त्याने नाकावरून बाही फिरवली. "आम्ही सगळे हसलो बाई. ते नाही हसले."

मी म्हटलं, "ही समजूत चुकीची आहे. स्वर्गात कुणाचा नवरा, कुणाची बायको असं काही राहत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी दुरुस्त करायला हवी होती."

"हो, बाई," तो म्हणाला. सदरा आणि मेणबत्ती माझ्या हातात दिली आणि त्याच्या लोकांना गाठायला घाईघाईने निघून गेला.

शेकोटी पेटली. आम्ही आत गेलो. फादरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला पाचही जणांनी खणखणीत उत्तर दिलं, पार्लरवाली सगळ्यांत मोठ्याने. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ती हसायला लागली, आणि टॉवेल मी धरला होता. मिस्सा संपल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. ओल्या केसांनी मला मिठ्या मारल्या, पोस्टमास्तर माझ्या पाया पडायला वाकले, ज्याला उरकून घ्यायचं होतं तो मुलगा रडत होता. बाई, तुमच्यामुळे, बाई, तुमच्यामुळे, असं सगळे म्हणत राहिले. मी हसले, प्रत्येकाचं अभिनंदन केलं. त्यांच्यातला एकही मला नको होता.